मोठा टायर आणि मीटरवरचे शंभर
गाडीची गणिते : लेखांक ७

बंगळुरूहून म्हैसूरला जाताना बिडदी लागते. बहुतेकांना ती तट्टे इडलीमुळे आठवते, आणि त्यात वावगे काही नाही. पण याच बिडदीत टोयोटा किर्लोस्करचा मोटारींचा कारखाना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना थाटला. त्या घराण्याचे आडनाव १९९७ साली इथे एका जपानी नावाशेजारी बसले. २००५ सालची इनोव्हा आणि २०१६ सालची इनोव्हा क्रिस्टा या दोन्ही इथल्याच. टायर बदलल्यावर स्पीडोमीटरचे काय होते, हे समजून घ्यायला क्रिस्टासारखे उदाहरण नाही, कारण ती कारखान्यातूनच दोन वेगळ्या मापांच्या टायरांवर बाहेर पडली.

खालच्या मॉडेलांना २०५/६५ आर १६, वरच्या मॉडेलला २१५/५५ आर १७. टायरच्या बाजूवरचे आकडे कसे वाचायचे ते गेल्या आठवड्यात पाहिलेच आहे. २०५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के टायरची भिंत, ती खाली एकदा आणि वर एकदा, शिवाय मधली १६ इंची रिम. बेरीज येते ६७२.९ मिलिमीटर. दुसऱ्या मापाची बेरीज ६६८.३. रिम एका इंचाने वाढली, टायर रुंद झाला, गाडी दिसायला रुबाबदार झाली. चाकाची उंची मात्र पाच मिलिमीटरनेही हलली नाही. भिंत बेताने उतरवून अभियंत्यांनी ती जागच्या जागी ठेवली. फरक एक टक्क्याच्याही आत.

एवढा आटापिटा कशासाठी? तर गाडीला आपण किती अंतर कापले हे मुळात ठाऊकच नसते. ती फक्त फेऱ्या मोजते. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ साली पेटंट घेतलेल्या स्पीडोमीटरमध्ये केबलने फिरणारे चुंबक धातूच्या वाटीला ओढायचे आणि वाटीला जोडलेला काटा बारीक स्प्रिंगच्या विरुद्ध सरकायचा. जुन्या मारुती ८०० पर्यंत हीच करामत चालत आली. आता केबल गेली. एप्रिल २०१९ पासून भारतात सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, त्यामुळे प्रत्येक चाकापाशी फेऱ्या टिपणारा सेन्सर आलाच. सेन्सर चाकाशी असो की गिअरबॉक्सशी, फेऱ्यांना गुणायचा चाकाचा घेर कारखान्यात एकदा भरला जातो. पुढे मालकाने कुठला टायर चढवला, हे त्या आकड्याला कळायला मार्ग नाही.

आता समजा, क्रिस्टाचे टायर गोटा झाले आणि मालक बंगळुरूच्या जे. सी. रोडवर गेला. सुटे भाग, सीट कव्हर, अलॉय, दिवे, मोटारीच्या अंगावर चढेल ते सगळे या रस्त्यावर मिळते. तिथे ‘एक साइज वरचा घ्या, गाडी भरलेली दिसते’ हा सल्लाही मिळतो, आणि तो फुकट असतो. २१५/६५ आर १६ घेतला तर चाकाची उंची ६८५.९ मिलिमीटर होते, म्हणजे सुमारे १.९ टक्के जास्त. खड्ड्यांना कंटाळून आणखी उंच २१५/७० आर १६ घेतला तर ७०७.४, म्हणजे ५.१ टक्के जास्त. चाक मोठे, म्हणून एका फेरीत अंतर जास्त. फेऱ्या तेवढ्याच, म्हणून मीटर दाखवणार कमी.

इथवर गणित सरळ आहे, पण मीटर आधीपासूनच खरे बोलत नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला क्रमांक ३९ चा नियम सांगतो, की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर चालेल, पण तो खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर एवढ्या मर्यादेत. म्हणजे गाडी ताशी १०० ने धावत असताना काट्याने ११४ दाखवले तरी नियम मोडत नाही, ९९ दाखवले तर मोडतो. कोणता कारखानदार या दोरीवर चालेल? टायर नवा असो, जुना असो, दिलेल्या मापांपैकी कोणताही असो, काटा खऱ्या वेगाच्या खाली जाता कामा नये, म्हणून सगळेच मीटर थोडा चढा ठेवतात. गाडी चुकू नये म्हणून घरातले घड्याळ पाच मिनिटे पुढे लावून ठेवतात ना, तसेच.

मोठा टायर ही पाच मिनिटेच खाऊन टाकतो. समजा, एखाद्या क्रिस्टाचा मीटर मुळात चार टक्के चढा आहे. काटा १०० वर, तेव्हा खरा वेग ९६. त्यावर २१५/७० चढवला, की काटा १०० वर असताना खरा वेग १०१. मजा पाहा : मीटर पूर्वीपेक्षा खऱ्याच्या जवळ आला आहे! मोठे टायर लावल्यावर ‘आता काटा जीपीएसशी तंतोतंत जुळतो’ असे आनंदाने सांगणारे भेटतात, त्यांचे खरेच असते. फक्त जुळला तो सुरक्षिततेसाठी राखलेली जागा संपली म्हणून, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

बंगळुरू शहरात या सगळ्याने काही बिघडत नाही. टॉमटॉमच्या २०२४ च्या पाहणीत शहरात १० किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागले. म्हणजे वेग ताशी साडेसतरा. (पुणेकरांनी हसू नये, त्यांचे ३३ मिनिटे २२ सेकंद.) ताशी सतराचा सोळा झाला काय नि अठरा झाला काय! प्रश्न येतो तो शहर सुटल्यावर. मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या ११८ किलोमीटरच्या म्हैसूर मार्गावर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे आणि वर कॅमेरे आहेत. १ ऑगस्ट २०२४ पासून तर कर्नाटकात ताशी १३० च्या वर गेलेल्यांवर थेट गुन्हा नोंदवायचे पोलिसांनी ठरवले. वरचीच क्रिस्टा घ्या. मूळ टायरवर काटा १३० ला टेकला तरी खरा वेग १२५. मोठ्या टायरवर तोच काटा, तोच १३०, पण खरा वेग १३१. कॅमेरा काट्याकडे पाहत नाही. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० ला वाजणारा आणि १२० नंतर न थांबणारा तो कटकट्या इशाराही याच फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे तोही उशिरा वाजतो.

किलोमीटरच्या आकड्याची गोष्ट वेगळी. वेगाच्या काट्याला राखीव जागा असते तशी ओडोमीटरला सहसा नसते. तो बराचसा खरा असतो, म्हणून टायर बदलला की सरळ बिघडतो. बंगळुरू–पुणे साधारण ८४० किलोमीटर. तुमकुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत मोठ्या टायरवर पुणे गाठले, तर मीटरवर पडतात जेमतेम ८००. पंपावर हिशेब केला की ॲव्हरेज पडलेले दिसते. मोठ्या टायरचे वजन आणि घर्षण थोडे इंधन खातेच, पण १४.७ चे १४ दिसण्यात गणिताचाही वाटा असतो. लहान टायर लावणाऱ्याचे उलटे : ॲव्हरेज फुगते, सर्व्हिसिंग लवकर येते आणि विकताना गाडी उगाच जास्त पळालेली दिसते.

रिक्षाचे मीटरही फेऱ्याच मोजते, म्हणून वैधमापन खाते ते तपासून सील करते. बंगळुरूत रिक्षावाला मीटरने यायला तयार झालाच, तर टायरची चिंता करण्याइतका वेळ प्रवाशाला असतो.

टायर मुळीच न बदलतासुद्धा घेर बदलतो. नव्या टायरवर साधारण ८ मिलिमीटर खोल नक्षी असते, १.६ ला टायर काढायचा. मधले ६.४ मिलिमीटर दोन्ही बाजूंनी धरले, तर क्रिस्टाच्या चाकाची उंची जवळपास १३ मिलिमीटरने घटते. हे झाले १.९ टक्के, म्हणजे २१५/६५ ने जेवढा फरक पडतो तेवढाच. त्यामुळे एक पायरी वर चढणाऱ्याला फार घाबरवण्यात अर्थ नाही. मूळ घेराच्या तीन टक्क्यांच्या आत राहावे, हा जाणकारांचा ठोकताळा याच हिशेबातून सुचतो. त्यापुढे गेल्यास टायर आतल्या फेंडरला घासणे, पहिला गिअर जड पडणे ही दुखणी मीटरच्या आधी जाणवतात. चारही चाके सारखी बदलली तर एबीएस गोंधळत नाही, ते चाकांची एकमेकांशी तुलना करते. पुढे एक माप, मागे दुसरे, असे मात्र करू नये.

तपासायची पद्धत सोपी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर काटा ८० वर स्थिर ठेवायचा आणि शेजारी बसलेल्याने किलोमीटरच्या पाट्या पाहून १० किलोमीटरला लागणारा वेळ मोजायचा. साडेसात मिनिटे लागली तर काटा अचूक. सात मिनिटे बावन्न सेकंद लागले तर पाच टक्के चढा, आणि साडेसातच्या आत पाटी आली तर काटा वेग कमी सांगतो आहे. मोबाइलवरचे जीपीएस हेच काम झटपट करते, मात्र वळणावर किंवा बोगद्यात त्याचे ऐकू नये. काही गाड्यांत अधिकृत केंद्रावर नवा घेर भरून घेता येतो. बऱ्याच गाड्यांत ही सोय नसते.

जुनी गाडी घेणाऱ्याने चालकाच्या दाराच्या चौकटीवरचे टायर-हवेचे स्टिकर वाचावे आणि मग चाकांपाशी वाकून मापे ताडून पाहावीत. स्टिकरवर २०५/६५ आणि चाकावर २१५/७० असेल आणि गाडी सुरुवातीपासून त्यावरच चालली असेल, तर मीटरवरचे ६०,००० म्हणजे प्रत्यक्षात ६३,००० किलोमीटर. मीटरला कोणी हात लावलेला नसतानाही.

(पुढील लेखांक : टायरमधली हवा)