बंगल्यातली सुट्टी आणि बायकांची चूल

अलिबाग, किहीम, मांडवा म्हटले की पेण-रोह्याच्या माणसाला मुंबईच्या शेठलोकांचे आणि सिनेमावाल्यांचे बंगले आठवतात. आमच्यातल्या कित्येकांनी ते आतून पाहिलेले आहेत. कोणी तेथे गवंडीकाम केले, कोणी रंग मारला, कोणी बागेला पाणी घातले. परंतु तेथे पाहुणा म्हणून मुक्काम करावा, हा विचार मनाला शिवलाच नव्हता. रजा काढायची ती लग्नाला, मयताला नाहीतर आजारपणाला, एवढेच आम्हाला ठाऊक!

पूर्वी जगात सगळीकडे असेच होते. फ्रान्स देशात भूमध्य समुद्राच्या काठी नीस आणि कान ही शहरे आहेत. राजेरजवाडे आणि धनिक तेथे हवापालटाला जात. 1936 साली फ्रान्सच्या कामगारांनी मोठा संप केला. त्यानंतर त्यांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि कितीतरी कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. आपल्या देशात 1945 साली कारखाना कायद्यात भरपगारी सुट्टीची तरतूद झाली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते कोणाकडे होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. तेव्हा कष्टकऱ्याची सुट्टी ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

हे सारे आम्ही सभेत सांगत होतो, पण आचरणात आणले नव्हते. शेवटी पेणची तीन आणि रोह्याची दोन अशी पाच कुटुंबे एकत्र आलो आणि नागावला सुरूच्या बनाजवळ एक छोटा बंगला दोन रात्री घेतला. खर्च वाचावा म्हणून तांदूळ, मसाला, सुकी मासळी घरून नेली. मुले पाण्यात डुंबली, आम्ही पुरुषमंडळी वाळूत गप्पा मारत बसलो. परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, "समुद्र कसा होता?" आमच्या मंडळी म्हणाल्या, "यांना विचारा. आम्ही एकोणीस माणसांच्या भाकऱ्या थापत होतो. चूल बदलली, बाकी सारे तेच."

आम्ही खाली मान घातली. समतेवर भाषणे देणारे आम्ही, आणि आमच्याच घरात सुट्टी फक्त पुरुषांना!

पुढच्या खेपेला बायकांनीच हिशेब मांडला. दर कुटुंबाने महिना 500 रुपये काढायचे. बारा महिन्यांत 30,000 जमले. शनिवार-रविवारी भाडे चढते म्हणून मधल्या वारी गेलो. बंगल्याला 14,000 लागले. शेजारच्या वाडीतल्या एका ताईंना जेवण सांगितले, त्यांचे 12,000 झाले. प्रवास एस.टी.ने केला. 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट असल्याने 2,000 रुपयांत भागले. उरलेल्या 2,000 च्या मुलांना वह्या आल्या. ओहोटीची वेळ विचारून सगळे कुलाबा किल्ल्यात पायी गेलो आणि भरतीआधी परतलो. वाटेत रोह्याच्या साठीच्या वहिनी गुडघाभर पाण्यात लहान मुलीसारख्या हसत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना असे हसताना आम्ही पाहिले नव्हते.

एक जण मात्र आला नाही. आमचा भाचा कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतो. तो म्हणाला, "मामा, दोन दिवस खाडा म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. आम्हाला कसली रजा?" त्याला कोणी सांगितलेच नव्हते! 1948 च्या कारखाना कायद्यात ठेकेदारामार्फत लागलेला माणूसही कामगारच धरला होता. वर्षात 240 दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा होती. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही अट 180 दिवसांवर आली आहे. म्हणून हजेरीचा आणि पगाराचा कागद जपून ठेवा, रजेचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या. एकट्याने जाऊ नका, चारजण मिळून जा.

बंधू-भगिनींनो, बंगला मोठा की लहान, हे महत्त्वाचे नाही. ज्या घरात आईला दोन दिवस आयते ताट मिळाले आणि मुलाला हक्काची रजा मिळाली, त्या घराने खरी सुट्टी घेतली. पुढच्या वर्षी भाच्याला घेऊन जायचे, असे आम्ही ठरवले आहे. त्याचा अर्ज आम्हीच लिहून दिला आहे.