पेडणे-डिचोलीत कौशल्य प्रशिक्षण : इमारतीआधी वेळापत्रक ठरवावे

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 44 लाख प्रवाशांची. उद्घाटनाच्याच दिवशी धारगळची आयुर्वेद संस्थाही सुरू झाली. पेडणे तालुक्यात रोजगाराची नवी क्षेत्रे आली, मात्र त्यांना लागणारे कसब शेती-बागायतीवर वाढलेल्या घरांत आयते नव्हते. शेजारच्या डिचोलीची अडचण वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. ट्रकचालक, यंत्रचालक, मेकॅनिक यांच्या हाती कसब राहिले, काम गेले. लिलाव झालेल्या डिचोली खाणपट्ट्यावर 2024 मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले असले तरी जुन्या सर्वच खाणी काही परतलेल्या नाहीत.

अशा माणसांना पदवी नको असते. चाळिशीतला ट्रकचालक पुन्हा दोन वर्षे वर्गात बसणार नाही. त्याला काही आठवड्यांचा, परीक्षेच्या गुणांपेक्षा हाताला वळण देणारा अभ्यासक्रम हवा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील अल्पमुदतीचे अभ्यासक्रम साधारणपणे 200 ते 600 तासांचे ठरवण्यात आले होते. 300 तासांचा अभ्यासक्रम रोज संध्याकाळी अडीच तास, आठवड्याला पाच दिवस चालवला तर 24 आठवडे लागतात. दिवसभर चालवला तर दोन महिन्यांत संपतो, पण मग तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. जागेचे नियोजन या हिशेबापासून सुरू व्हायला हवे. प्रत्यक्षात मात्र बहुधा आधी इमारतीचा आराखडा येतो आणि शिकणाऱ्याची सोय नंतर पाहिली जाते.

नव्या इमारतीची गरज खरोखर किती, हाही प्रश्न आहे. पेडणे आणि डिचोली या दोन्ही ठिकाणी शासकीय आयटीआय आहेत. विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय आहे, साखळीलाही शासकीय महाविद्यालय आहे. नियमित तासिका संपल्यावर ही दालने वापरात आणता येतील. त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षक, संध्याकाळचा भांडारपाल, सुरक्षारक्षक आणि साहित्याच्या मोडतोडीची जबाबदारी कोणाची याचा लेखी निर्णय लागेल. दुहेरी वापराच्या योजना बहुतेक वेळा या शेवटच्या मुद्द्यावर अडतात. कोणत्याही दालनात कोणताही विषय शिकवता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. आयटीआयच्या निकषांनुसार वेल्डर शाखेच्या एका तुकडीस 80 चौरस मीटर कार्यशाळा आणि 16 किलोवॅट वीजभार लागतो. संगणक चालक शाखेस 70 चौरस मीटर जागा आणि साडेतीन किलोवॅटहून थोडी कमी वीज पुरते. जागेत फरक थोडा, विजेत चौपटीहून अधिक. महाविद्यालयाच्या वर्गात हिशेब, संभाषण, संगणक शिकवता येईल. वेल्डिंग, हायड्रोलिक यंत्रांची दुरुस्ती किंवा वातानुकूलन यांसाठी आयटीआयचीच कार्यशाळा हवी, नाहीतर वीजवाहिनीपासून सगळे नव्याने उभारावे लागेल.

प्रशिक्षणाचा हंगाम कोणता, हा प्रश्न गोव्यात फारसा विचारला जात नाही. मोरजी, मांद्रे, हरमल किनाऱ्यावरील पर्यटन ऑक्टोबर ते मे या काळात जोरात असते. पावसाळ्यात शॅक बंद असतात, खनिज वाहतूक थंडावते आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारीवर 61 दिवसांची बंदी असते. म्हणजे दोन्ही तालुक्यांतील बऱ्याच कष्टकऱ्यांच्या हाती वेळ असतो तो नेमका पावसाळ्यात. तेव्हा केंद्राला छप्पर असलेले आवार हवे, जनित्र हवे आणि रात्री परतण्यासाठी कदंबची बस हवी. वारखंड, कासारवर्णे, चांदेल या गावांतून संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या मुलीसाठी शेवटची बस किती वाजता सुटते, हा प्रवेशाच्या अटीइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. बस नसेल तर नाव नोंदवूनही ती वर्गाला येणार नाही.

2011 च्या जनगणनेनुसार पेडण्याची लोकसंख्या 75,747 आणि डिचोलीची 97,955 होती. एवढ्या वस्तीत एकाच शाखेच्या तुकड्या वर्षानुवर्षे भरत राहणार नाहीत. दोन-तीन तुकड्यांनंतर मागणी ओसरते. म्हणून यंत्रे जमिनीत कायमची रोवण्यापेक्षा हलवता येतील अशी बसवावीत, भिंतीपेक्षा सरकते पडदे ठेवावेत आणि दोन्ही तालुक्यांनी महागडी यंत्रसामग्री वाटून घ्यावी. वेल्डिंग डिचोलीत आणि विमानतळाशी निगडित सेवांचे प्रशिक्षण पेडण्यात, अशी विभागणी झाली तर खर्च वाचेल. मात्र त्यासाठी दोन तालुक्यांदरम्यानची बस वर्गाच्या वेळेनुसार धावली पाहिजे.