सामाईक संगणकांवरील द्विप्रणाली व्यवस्था : निवड आणि मांडणी

प्रस्तावना : सांताक्रूझच्या पूर्वेस मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल, तर पश्चिमेस एसएनडीटी महिला विद्यापीठाचे जुहू संकुल आहे. अशा शैक्षणिक परिसरात वाणिज्य शाखेला विंडोजवर चालणारी टॅली लागते, तर संगणकशास्त्राला लिनक्स. दोन स्वतंत्र प्रयोगशाळांसाठी मुंबईत जागा मिळणे कठीण असल्याने एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली ठेवण्याचा पर्याय विचारार्ह ठरतो.

निवड : लिनक्सची गरज प्रासंगिक असल्यास विंडोजअंतर्गत आभासी यंत्र पुरेसे होते, मात्र त्यासाठी मेमरी अधिक लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आवश्यक असल्याने जुने संगणक आधी तपासावेत. मॅकवर विंडोज चालविण्याची बूट कॅम्प ही सोय ॲपलने २००६ मध्ये आणली. परंतु २०२० पासून आलेल्या ॲपल-चिपच्या मॅकवर ती उपलब्ध नाही.

मांडणी : प्रथम विंडोज आणि नंतर लिनक्स बसवावे, म्हणजे सुरुवातीस निवडसूची दिसते. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. अन्यथा विंडोजचा विभाग अर्धवट बंद राहतो आणि लिनक्समधून त्यात लिहिणे धोक्याचे ठरते. यंत्रातील घड्याळ विंडोज स्थानिक वेळेनुसार, तर लिनक्स सहसा जागतिक वेळेनुसार वाचते. दोन्हींचा मेळ न घातल्यास वेळेत साडेपाच तासांचा फरक पडतो व प्रात्यक्षिकांच्या फाइलींवर चुकीची वेळ नोंदली जाते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फाँटमधील मजकूर तो फाँट नसलेल्या प्रणालीत वाचता येत नाही.

सुरक्षितता : एका प्रणालीतील फाइलींवरचे निर्बंध दुसऱ्या प्रणालीतून ओलांडता येतात. म्हणून विद्यार्थ्यांना प्रशासकीय अधिकार देऊ नयेत, बायोसला परवलीचा शब्द ठेवावा, पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू होण्याची सोय बंद करावी आणि प्रश्नपत्रिका व गुणपत्रके या यंत्रांवर ठेवूच नयेत.

निष्कर्ष : द्विप्रणाली व्यवस्थेत यंत्रांची संख्या वाढत नाही, देखभाल मात्र दुप्पट होते, कारण एक प्रणाली चालू असताना दुसरीची अद्यतने थांबलेली असतात. त्यासाठी वेळापत्रकात निश्चित तास व जबाबदार व्यक्ती नेमणे अगत्याचे आहे. घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील तासच उपलब्ध असतो. तो दुरुस्तीत वाया जाणार नसेल, तरच ही व्यवस्था स्वीकारावी.