कारखान्याच्या वायूपासून मिथेन: भट्टीची उष्णता नेमकी वापरायची कशी?

मळीपासून इथेनॉल बनताना जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो. निकेलचा उत्प्रेरक वापरून हायड्रोजनसोबत त्याचा मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, करता येतो. पण त्यासाठी तीनेकशे अंश सेल्सिअस तापमान लागतं, अन् तापलेली भट्टी उष्णतेच्या सगळ्याच लहरी फेकते. हा वायू मात्र मुख्यतः ४.३ आणि १५ मायक्रोमीटरच्याच लहरी शोषतो. म्हणून पृष्ठभागावर केसापेक्षा बारीक नक्षी कोरून नेमक्या त्याच लहरी सोडायच्या, ही नवी कल्पना. आधीच थरथरणारा रेणू उत्प्रेरकावर लवकर तुटू शकतो. मात्र शेजारच्या रेणूंना धडकून ही थरथर क्षणात विरते. त्यामुळे पृष्ठभाग उत्प्रेरकाला खेटूनच हवा. हायड्रोजनचा खर्च मात्र टळत नाही. एका रेणूमागे त्याचे चार रेणू लागतातच.