बदली ग्राफिक्स कार्ड : काही रूढ गैरसमज

लग्नसराईच्या तोंडावर जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्याच्या एखाद्या फोटो स्टुडिओत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवलेले ग्राफिक्स कार्ड येते, कॅबिनेटमध्ये बसते, आणि पडद्यावर वेडेवाकडे रंगीत चौकोन उमटू लागतात, तेव्हा खरेदीदाराची पहिली चिंता अडकलेल्या रकमेची असते. परंतु त्याचे अधिक मोठे नुकसान पुढच्या चार दिवसांत, भोवतालच्या ऐकीव समजुतींमुळे होते. कारण सदोष कार्डाच्या बदल्यात कोणते कार्ड घ्यावे, हा निर्णय त्या समजुतींच्या आधारेच घाईने घेतला जातो.

त्यांतील सर्वांत प्रचलित समजूत अशी, की आपल्या खानदेशातील उन्हाने कार्ड जळाले. जळगाव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो हे खरे. परंतु ग्राफिक्सची चिप भर कामात ८० अंशांच्या आसपास तापावी, हे तिच्या रचनेतच गृहीत धरलेले असते, आणि मर्यादा ओलांडली जाऊ लागली की ती आपला वेग आपणच कमी करते. उन्हाने काम मंदावेल, पंखे मोठ्याने फिरतील. नवे कार्ड पहिल्याच दिवशी बिघडणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये एएमडी कंपनीने आपल्या काही ७९०० एक्सटीएक्स कार्डांच्या शीतक कक्षात दोष असल्याचे मान्य केले. ती कार्डे ११० अंशांपर्यंत तापत होती, आणि तो दोष निर्मितीचा होता, ग्राहकाच्या गावच्या हवामानाचा नव्हे. म्हणून विक्रेता ‘तुमच्याकडे गरमी फार’ असे म्हणून हात झटकू लागला, तर ते उत्तर मान्य करू नये.

मात्र दोष कार्डाचाच आहे, हेही तपासल्यावाचून गृहीत धरू नये. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली असणे, जुन्या कार्डाचे ड्रायव्हर पुरतेपणी काढलेले नसणे, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) दुर्बळ असणे, ही कारणे तितकीच संभवनीय असतात. कार्ड दुसऱ्या, खात्रीने चालणाऱ्या संगणकात लावून पाहणे ही यातील निर्णायक कसोटी होय. तिथेही तेच चौकोन दिसले, तरच कार्डाला दोषी ठरवावे. एसएमपीएस मूळ अपराधी असेल, तर बदलून आलेल्या कार्डाचीही तीच गत होईल. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. हा हिशेब बदली कार्ड ठरवण्यापूर्वी कागदावर मांडलेला बरा. एसएमपीएसवर छापलेला एकूण वॅटचा आकडा मात्र पुरेसा नाही. त्यातील किती शक्ती १२ व्होल्टच्या वाहिनीवर मिळते, हे बाजूच्या तक्त्यात वाचावे लागते.

दुसरी समजूत अधिक घातक आहे, कारण ती प्रामाणिक माणसालाही पटते: नाव तेच असले की कार्ड तेच. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० हे कार्ड २०२२ मध्ये ८ जीबी स्मृतीसह आले, तेव्हा त्यात २५६० गणनाघटक आणि १२८ बिटांचा स्मृतिमार्ग होता. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे कार्ड आले, त्यात २३०४ घटक आणि ९६ बिटांचा मार्ग. त्यापूर्वी जीटी १०३० या स्वस्त कार्डाच्या बाबतीत तर त्याच नावाखाली निराळ्या जातीची स्मृती बसवलेली आवृत्ती बाजारात आली, आणि स्मृतीचा प्रवाह सेकंदाला ४८ जीबीवरून १७ जीबीच्याही खाली आला. पहिल्या आवृत्तीची किंमत मोजलेल्या ग्राहकाला बदल्यात दुसरी आवृत्ती मिळाली, तर पावतीवरचे नाव जुळते, जिन्नस मात्र जुळत नाही, आणि तो हलका जिन्नस स्वीकारण्याचे त्याला काहीही कारण नाही. जितके जीबी अधिक तितके कार्ड सरस, हाही याच भ्रमाचा दुसरा अंश होय. आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी आहेत, ३०६० टीआयमध्ये ८, तरीही बहुतेक कामांत वेगवान ठरते ते दुसरेच.

लग्नाच्या चित्रफिती संपादित करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड खेळांसाठी नवे आणि परवडणारे म्हणून बदली पर्यायात पुढे केले जाऊ शकते. परंतु चित्रफीत संकेतबद्ध करणारा भागच त्यात नाही. शिवाय ते स्लॉटच्या केवळ चार मार्गिका वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीचा स्लॉट असलेल्या जुन्या मदरबोर्डवर त्याची गती आणखी घटते. इंटेलच्या आर्क कार्डांनाही जुन्या संगणकात पूर्ण शक्तीने काम करता येत नाही. त्यासाठी मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची संपूर्ण स्मृती एकदम वापरू देणारी सोय असावी लागते. कोणत्याही पिढीचे कार्ड कोणत्याही स्लॉटमध्ये बसते, हे विधान बसण्यापुरतेच खरे आहे.

चिपला हीट देऊन कार्ड ‘दुरुस्त’ करून घ्यावे, हा सल्लाही सर्रास मिळतो. त्या उष्णतेने तुटलेला सूक्ष्म सांधा काही काळ जुळतो आणि बहुधा पुन्हा तुटतो. वर हमीचा हक्क गमावला जातो तो निराळाच. हमीच्या मुदतीतील कार्डाला असा हात लावू देऊ नये.

आता दाद मागण्याविषयी. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य पावतीवर छापलेले असले की ग्राहक निरुत्तर होतो. वस्तुतः २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष माल पावतीतील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. मुंबईच्या दुकानदाराविरुद्ध मुंबईतच खेटे घालावे लागतात, ही भीतीही निराधार आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे पाचोरेकराला जळगाव पुरे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘कार्ड धंद्यासाठी घेतले, म्हणून तुम्ही ग्राहक नव्हे’ असे सांगितले जाते, तेही अर्धसत्य आहे. व्यापारी हेतूने केलेली खरेदी कायद्याने वगळली असली, तरी स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याने स्वतःच्या वापरासाठी घेतलेली वस्तू त्या वगळणुकीच्या स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. आयोग दोष काढून देण्याचा, वस्तू बदलण्याचा, पैसे परत करण्याचा व नुकसानभरपाईचा हुकूम देऊ शकतो. तत्पूर्वी १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गाऱ्हाणे नोंदवावे; पुष्कळदा तेवढ्यानेच मार्ग निघतो.

बदली कार्ड हाती आल्यावर पडदा उजळला म्हणजे काम झाले, असेही मानू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने कबूल केले, की आरटीएक्स ५०९० आणि ५०७० टीआय यांच्या अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत चित्ररेखनाचा एक घटक कमी भरला आहे आणि त्यामुळे सरासरी ४ टक्के वेग घटतो. ही कार्डे बिनतक्रार चालत होती, आणि उणीव उघडकीस आली ती जीपीयू-झेड या मोफत साधनातील आकडे ताडून पाहिल्याने. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकलेल्या बनावट कार्डांनाही हे साधन २०१८ पासून ओळखते. म्हणून खोके उघडतानाचे चित्रण करावे, अनुक्रमांक पावतीशी ताडावा, जीपीयू-झेडमधील गणनाघटक, स्मृतीची जात आणि बिटांची रुंदी कंपनीच्या अधिकृत तक्त्याशी पडताळावी, कार्ड तासभर भरपूर भाराखाली चालवावे, आणि बदली कार्डाची हमी नव्याने सुरू होते की मूळ मुदतीतील शिल्लकच लागू राहते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.