लातूरची पाच अक्षरे, नांदेडची सहा

एल, ए, टी, यू, आर ही लातूरची पाच इंग्रजी अक्षरे. त्यांच्या जागा बदलल्या की यू-एल-टी-आर-ए म्हणजे ‘अल्ट्रा’ हा शब्द मिळतो. एकही अक्षर उरत नाही, एकही कमी पडत नाही. त्यांत आय घातला की ‘रिच्युअल’ होतो, बी घातला की ‘ब्रूटल’. ‘नॅचरल’, ‘न्यूट्रल’, ‘कल्चरल’ या शब्दांच्या स्पेलिंगमध्येही सगळे लातूर विखुरलेले सापडते. नांदेडची अक्षरे सहा: एन, ए, एन, डी, ई, डी. ती ‘अंडरस्टँड’, ‘डिमांडिंग’ आणि ‘अबँडन्ड’ या तिन्ही शब्दांत पूर्ण सामावतात.

दिलेल्या अक्षरांवरून शब्द शोधण्याचे हे प्रश्न मराठवाड्यातील मुलांच्या ओळखीचे आहेत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी एकत्र असतात. स्पर्धा परीक्षांच्या सराव पुस्तकांत ‘या शब्दातील अक्षरांपासून कोणता शब्द तयार होणार नाही?’ असे प्रश्न असतात. पुढे अकरावीला पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनमध्ये तीच अक्षरे गणिताच्या वेशात परत येतात. ‘लातूर पॅटर्न’ने नावारूपाला आलेल्या शहरातला विद्यार्थी अशी उदाहरणे शेकड्यांनी सोडवतो. तरी हा प्रश्न शब्दसंग्रहाचा आहे, असाच समज असतो. मुळात तो मोजणीचा आहे.

लातूरची पाचही अक्षरे वेगवेगळी असल्याने त्यांच्या 5 × 4 × 3 × 2 × 1 म्हणजे 120 मांडण्या होतात. त्या शब्दकोशाच्या क्रमाने लावल्या तर ‘लातूर’ 28वा येतो आणि ‘अल्ट्रा’ 108वा. नांदेडची अक्षरे सहा, म्हणून मांडण्या 720 व्हायला हव्यात. पण त्यांत दोन एन आणि दोन डी आहेत. एका एनच्या जागी दुसरा ठेवला तरी शब्द तोच राहतो, म्हणून 720 ला दोनदा 2 ने भागावे लागते. उरतात 180. अक्षर वाढूनही मांडण्या अपेक्षेइतक्या वाढत नाहीत, त्याचे कारण ही पुनरुक्ती.

हा भागाकार नवा नाही. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे देता येतील, असा प्रश्न तिथे विचारला आहे. उत्तर 36,28,800. विष्णूच्या चार आयुधांचे उत्तर 24. त्याच प्रकरणात 2, 2, 1, 1 या अंकांपासून किती संख्या होतील हेही विचारले आहे आणि उत्तर 6 येते. दोन जोड्यांचा हा प्रश्न आणि नांदेडमधल्या दोन एन, दोन डींचा प्रश्न यांचा नियम एकच. पुढे 1356 मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त सगळ्या मांडण्या क्रमाने, एकही न चुकता लिहून काढण्याची रीत दिली.

पण 120 मांडण्या लिहून प्रत्येक शब्दकोशात पाहणे हा शहाणपणा नव्हे. कसलेला खेळाडू दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करतो. इंग्रजी मजकुरात शंभर अक्षरांत ई साधारण तेरा वेळा येतो, टी नऊ वेळा, यू मात्र तीनच्या आसपास. म्हणून लातूरमध्ये आधी यूची जागा शोधावी. नांदेडमध्ये एन आणि डी शेजारी ठेवून पाहावेत, कारण इंग्रजीत ही जोडी फार चालते. वरच्या ‘अंडरस्टँड’मध्ये ती दोनदा आली आहे. चूक बहुतेक वेळा अक्षरांची संख्या विसरल्याने होते. ‘अ‍ॅडेड’ हा शब्द नांदेडमधून होतो असे पटकन वाटते. ए, ई, डी ही तिन्ही अक्षरे तिथे आहेतच. पण ‘अ‍ॅडेड’ला तीन डी लागतात आणि नांदेडमध्ये दोनच आहेत.

संगणक दुसऱ्या वाटेने जातो. तो प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून एक चावी बनवतो. ‘आर्ट’, ‘रॅट’ आणि ‘टार’ या तिघांची चावी ए-आर-टी. ‘लातूर’ आणि ‘अल्ट्रा’ या दोघांची ए-एल-आर-टी-यू. स्क्रॅबलच्या स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत सुमारे 2 लाख 80 हजार शब्द आहेत. त्यांच्या चाव्या एकदाच करून ठेवल्या की पुढे 120 मांडण्या तपासण्याची गरज उरत नाही. लातूरची एक, दोन, तीन, चार किंवा पाच अक्षरे निवडण्याचे प्रकार एकूण 31 आहेत. तेवढ्या चाव्या पाहिल्या की यादीतला एकही शब्द सुटत नाही. नांदेडसाठी 35 पुरतात.

दिलेली सगळी अक्षरे ज्यांत आहेत असे मोठे शब्द हवे असतील तर मूळ संख्यांची एक फार सुंदर युक्ती आहे. ए ला 2, बी ला 3, सी ला 5 अशा 26 अक्षरांना 26 मूळ संख्या द्यायच्या आणि शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करायचा. लातूरसाठी 37 × 2 × 71 × 73 × 61, म्हणजे 2,33,96,062. ‘रिच्युअल’चा गुणाकार 53,81,09,426 येतो आणि त्याला लातूरच्या संख्येने पूर्ण भाग जातो, भागाकार 23, म्हणजेच जास्तीचा आय. भाग गेला तर सगळी अक्षरे शब्दात आहेत, नाही गेला तर काहीतरी कमी आहे. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या सिद्धान्तावर ही युक्ती उभी आहे. अक्षर दोनदा आले की त्याची मूळ संख्याही दोनदा गुणली जाते, त्यामुळे ‘अ‍ॅडेड’सारखी फसगत इथे होत नाही.

ही पद्धत मराठीला जशीच्या तशी लागू होत नाही. लातूर आणि नांदेड दोन्ही शब्द डोळ्यांना तीन अक्षरी दिसतात: ला-तू-र, नां-दे-ड. युनिकोडमध्ये मात्र काना, मात्रा, उकार, अनुस्वार यांना स्वतंत्र क्रमांक असल्याने संगणक लातूरमध्ये पाच चिन्हे मोजतो आणि नांदेडमध्ये सहा. योगायोगाने इंग्रजी स्पेलिंगमध्येही नेमकी तेवढीच अक्षरे आहेत. पण ही चिन्हे इंग्रजी अक्षरांसारखी कुठेही नेता येत नाहीत. काना शब्दाच्या सुरुवातीला टाकला तर पडद्यावर बहुधा ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ उमटते. शिवाय ‘कला’ आणि ‘काल’, ‘मला’ आणि ‘माल’ या जोड्यांची चिन्हे सारखीच असल्याने संगणकाला त्यांच्या चाव्या एकच दिसतील. शब्दकोडे सोडवणाऱ्याला मात्र ‘क, ला’ आणि ‘का, ल’ ही वेगळी अक्षरे आहेत. म्हणून मराठी शब्दशोधाची चावी सुट्या चिन्हांवरून न करता मात्रेसह पूर्ण अक्षरांवरून करावी लागते. तशी केली की लातूरच्या तीन अक्षरांच्या सहाच मांडण्या होतात आणि त्यांतली दोन अक्षरे उचलली की ‘तूर’ मिळते. लातूरचा आडत बाजार ज्यांच्यासाठी ओळखला जातो, त्या धान्यांपैकी ते एक आहे.