चतुर पंडितांचे खाँसाहेब

‘क्रमिक पुस्तकमालिके’चं कुठलंही पान उघडा. वर रागाचं नाव, त्याखाली ताल नि लय, मग चौकटीत मांडलेले स्वर. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर, समेला फुली, खालीला शून्य. गाणं शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी या खुणा बाराखडीसारख्या गिरवल्या. सदारंग, अदारंग, मनरंग ही रचनाकारांची नावं पानावर दिसतात, कारण ती बंदिशीच्या शब्दांतच गुंफलेली आहेत. ती बंदिश कुणाच्या गळ्यावरून उतरवून घेतली, हे मात्र बहुतेक पानांवर सापडत नाही.

या मालिकेचे कर्ते विष्णू नारायण भातखंडे (1860–1936) वाळकेश्वरचे. पेशा वकिलीचा, हात सतारीवर बसलेला, आणि मुंबईतल्या पारशी रसिकांच्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त ऊठबस. पुढे वकिली सुटली आणि गाण्याचा पाठपुरावा हेच काम उरलं. 1904 साली ते दक्षिणेत गेले, विद्वानांना गाठून प्रश्न विचारले, पोथ्या मिळवल्या. उत्तरेतही तसेच फिरले. जयपूरच्या मनरंग परंपरेतले महंमद अली खाँ आणि त्यांचे मुलगे, उदेपूरचे झाकिरुद्दीन खाँ, रामपूरचे वझीर खाँ आणि नवाब हमीद अली खाँ अशा ठिकाणांहून बंदिशी आल्या. त्यांचं स्वरलेखन झालं, काही फोनोग्राफवर मुद्रित झाल्या. त्यातूनच हा खजिना छापला गेला. ‘चतुर’ या नावाने त्यांनी स्वतः रचलेली लक्षणगीतंही त्यात आहेत, आणि ती कोरडी असतात हा आरोप मला अर्धाच पटतो. रागाचे नियम रागातच गाऊन सांगणं ही साधी कारागिरी नव्हे.

एवढा मोठा माणूस ज्यांच्याकडून घेत होता, त्यांच्याविषयी काय बोलत होता? ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा चार भागांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादात आहे. त्यात निरक्षर, अहंमन्य, हातचं राखून शिकवणाऱ्या गवयांवरची टोमणेबाजी वारंवार येते. तिचा रोख बहुधा मुसलमान उस्तादांकडे असतो. संगीत एकेकाळी शास्त्रशुद्ध होतं, ते अशिक्षित पेशेवर लोकांच्या हाती गेलं आणि शास्त्र हरवलं, अशी एकूण मांडणी. जानकी बाखले यांनी 2005 साली ‘टू मेन अँड म्युझिक’ या इंग्रजी पुस्तकात यावर नेमकं बोट ठेवलं, तेव्हा आपल्याकडे अनेकांना ते झोंबलं.

अलाहाबादचे सरोदिये करामतुल्ला खाँ यांच्याशी झालेली गाठ या दृष्टीने बोलकी आहे. हे खाँसाहेब निरक्षर नव्हते. 1908 साली त्यांनी उर्दूत संगीतावर पुस्तक लिहिलं होतं. भातखंड्यांचा आग्रह एकच: तुमच्या म्हणण्याला संस्कृत ग्रंथाचा आधार कोणता? खाँसाहेबांचं म्हणणं असं की संगीत काही एकाच देशाची मिरास नाही, अरबी-फारसीतही विद्या आहे. समोर लिहिता-वाचता, जग पाहिलेला उस्ताद बसला होता. ‘अडाणी खाँसाहेब’ हा शिक्का त्याला लागू पडत नव्हता, मग कसोटीच बदलली गेली.

भातखंडे सगळ्यांशीच फटकळ होते, असा बचाव केला जातो. तो खरा आहे. दक्षिणेतल्या ब्राह्मण विद्वानांनाही त्यांनी सोडलं नाही. पण माझ्या वाचनात फरक असा दिसतो की तिथे अज्ञान त्या-त्या माणसाचं ठरतं, इकडे ते जमातीचं होतं. बंदिश हीच ज्याची मिळकत, लग्नात हुंडा म्हणून ती दिल्याच्या कथा ज्या घराण्यांत सांगतात, तो माणूस पाहुण्या वकिलासमोर पेटी का उघडेल, हा प्रश्न त्या वकिलाला फारसा पडलेला दिसत नाही.

गंमत पुढे आहे. भातखंड्यांचं शास्त्र त्यांच्याच पूर्वग्रहाला जुमानत नाही. 1910 च्या त्यांच्या संस्कृत ग्रंथाचं नाव ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायलं जातं ते. पोथी आणि प्रचार यांचं जुळलं नाही तर प्रचार मानायचा, ही त्यांची भूमिका. आता हा प्रचार कुणाच्या गळ्यात होता? बहुतांशी खाँसाहेबांच्या. रागांची दहा थाटांत विभागणी करण्याची भातखंड्यांची कल्पना दक्षिणेतल्या व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांवरून सुचली, हे सगळे सांगतात. बिलावल हा शुद्ध थाट मानण्याचा दाखला मात्र पाटण्याच्या महंमद रझा यांच्या 1813 च्या ‘नगमाते आसफी’ या फारसी ग्रंथात आहे. राग-रागिणीची जुनी वंशावळ निकामी ठरवण्याचं धाडसही रझांचंच. 1916 च्या मार्चमध्ये बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा भातखंड्यांनी आपल्या भाषणात या ग्रंथाची दखल घेतली. त्याच परिषदेत इंग्रज अधिकारी क्लेमंट्स साहेबांच्या श्रुतिपेटीची, म्हणजे श्रुती वाजवू पाहणाऱ्या हार्मोनियमची, परीक्षा झाली, ती झाकिरुद्दीन खाँच्या गळ्यावर. कान कुणाचा मानायचा, हे भातखंड्यांना पक्कं ठाऊक होतं. आपला लाडका शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यालाही त्यांनी बडोद्याला फैयाझ खाँकडे शिकायला धाडलं.

म्हणून त्यांना नुसतं द्वेष्टे म्हणून मोकळं होता येत नाही. पण ‘त्या काळी सगळेच तसे’ हेही मला मान्य नाही. विचाराचं फळ संस्थेत उतरतं. 1926 साली लखनौला मॅरिस कॉलेज निघालं, आता तिथे त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. आबिद हुसेन खाँ तिथे तबला शिकवत, आणि करामतुल्लांच्याच सरोदपरंपरेतले सखावत हुसेन खाँही तिथे शिक्षक होते. म्हणजे दार बंद नव्हतं. मात्र अभ्यासक्रम, उत्तरपत्रिका, पदवी ही चौकट ज्यांनी आखली ते दुसरे होते. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शिकलेल्या घरातल्या पोराला या नव्या बाजारात आपलंच गाणं लेखी सिद्ध करायची वेळ आली.

‘क्रमिक’ आजही छापलं जातं, हाथरसहून हिंदीत तर सर्रास. रामपूर, जयपूर, उदेपूर इथून मिळालेल्या ज्या बंदिशींचा माग लावता येतो, त्यांच्याखाली देणाऱ्याचं नाव एका ओळीत छापायला कुठल्याही प्रकाशकाला फार खर्च येणार नाही. भातखंड्यांची स्वरलिपी त्यासाठी तसूभरही बदलावी लागत नाही.